पूर्ण पत्त्यासह

सुपरहिरोंच्या मासिकांत तेव्हा शेवटी वाचकांच्या पत्रांचं एक पान असायचं. प्रत्येक पत्राखाली लिहिणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता छापत, घरक्रमांक आणि पिनकोडसकट. ते पत्ते बघून वाचक एकमेकांना लिहायचे, जुने अंक अदलाबदल करायचे. त्यातून दोन लग्नंही जमल्याचं आमच्या कानावर आलं होतं. न्यूयॉर्कच्या आमच्या कचेरीतून एकामागून एक निघालेल्या मासिकांचं हे पान एकोणीस वर्षं एमरी विटकॉम्ब सांभाळत होता. पानं वेळेवर छापखान्याकडे रवाना करणं माझं काम, त्यामुळे दर महिन्याला त्याच्या मागे लागणंही माझ्याकडेच होतं.

एमरी चौपन्न वर्षांचा होता आणि खुर्चीत बसणं त्याला जमत नसे. कानामागे निळी पेन्सिल खोचून, टेबलांच्या मधून येरझारा घालत तो पत्रं वाचायचा. उत्तरांखाली स्वतःचं नाव कधी घालायचा नाही. गोष्टीतल्या वीरांच्या जहाजावरून उत्तर आल्यासारखं 'जहाजावरून' एवढंच छापलं जाई. घरी तो ऑगी सोबेल नावाच्या, पियानो सुरात लावून देणाऱ्या माणसाबरोबर राहत असे. कचेरीत ऑगीचा विषय निघाला की एमरी म्हणायचा, "आमचा वरच्या खोलीतला भाडेकरू." बावीस वर्षं तोच भाडेकरू. कळत सगळ्यांना होतं, विचारत कुणी नव्हतं.

त्र्याण्णव साली आमच्या तेव्हाच्या मासिकाच्या चौतिसाव्या अंकात सॉल्टविंड ही वादळं अंगावर घेणारी नायिका सोबत्यांना सांगते, की माझ्या घरात राहते ती डॉक्टर बाई माझी भाडेकरू नाही, माझं तिच्यावर प्रेम आहे. दोन चौकटी. पुढच्या पानावर लगेच मारामारी. पण त्या दोन चौकटींसाठी पोतंभर पत्रं आली. शिव्या पुष्कळ होत्या. काहींनी अंकाचे तुकडे करून पाठवले.

आमचा मुख्य संपादक हॅल ब्रॅनिगन म्हणाला, "तोंड पाडू नकोस एमरी. फाडायला आधी विकत घ्यावा लागतो."

त्या पोत्यात डार्लीन ओस्टबीचं पत्र होतं. 'मी सत्तेचाळीस वर्षांची आहे. नॉर्थ डाकोटात धान्याच्या कोठारावर वजनकाटा सांभाळते. अकरा वर्षांची असल्यापासून या मासिकांत मी माझ्यासारखी एक तरी बाई शोधते आहे. ती चौतिसाव्या अंकात भेटली. आणखी कुणाला भेटली का?' खाली नाव आणि पत्ता, टपोऱ्या अक्षरांत.

एमरी ते पत्र घेऊन दुपारभर फिरत राहिला. मग त्याने नाव आणि पत्ता निळ्या पेन्सिलीने खोडला आणि लिहिलं, 'नाव प्रसिद्ध केलेलं नाही.'

मला म्हणाला, "आठशे वस्तीचं गाव असणार. सकाळी अंक पोचला की दुपारी तिच्या खिडकीची काच फुटेल."

मलाही ते पटलं.

पत्र सदतिसाव्या अंकात आलं. अंक दुकानांत गेला त्याच आठवड्यात, मंगळवारी, एमरीच्या टेबलावरचा फोन वाजला. बोलतानाही त्याला चालायला लागायचं, म्हणून तो नेहमी स्पीकर लावत असे. पलीकडचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"माझं नाव खाणारे तुम्हीच का?"

"बाई, तुमच्या काळजीपोटीच मी..."

"तुम्हाला कुणी सांगितली होती काळजी? मी काय आहे ते इथे पोस्टमनच्या कुत्र्यालासुद्धा ठाऊक आहे. गावाला मला काही सांगायचं नव्हतं, मिस्टर विटकॉम्ब. मला बाहेरच्यांना सांगायचं होतं, की मी इथे आहे, मला लिहा. आता कुणाला लिहावंसं वाटलं तर पाकिटावर काय लिहिणार? नाव प्रसिद्ध केलेलं नाही, नॉर्थ डाकोटा?"

एमरी चालायचा थांबला.

"पुढच्या अंकात नीट छापा," ती म्हणाली.

पुढचा अंक शेवटचा होता. खप उतरल्यामुळे मासिक बंद व्हायचं ठरलं होतं. अडतिसाव्या अंकाची पानं शुक्रवारी चार वाजता माझ्या हातून जाणार होती, आणि त्यातलं पत्रांचं पान हॅलच्या निरोपाच्या मजकुराने आधीच भरलेलं होतं. ते पान गेलं, की डार्लीनचा पत्ता कुणालाही कधी मिळणार नव्हता.

हॅल आधी नाहीच म्हणाला. "उद्या तिच्या घरावर दगड पडले तर वकिलाची चिठ्ठी मला येणार. तिच्याकडून लेखी आण. आणि उत्तर 'जहाजावरून' नको. भानगड झाली तर जहाजाला कुणी विचारत नाही. खाली माणसाचं नाव पाहिजे."

लेखी परवानगी वेळेत यायची तर फॅक्सनेच, आणि डार्लीनच्या गावात फॅक्स फक्त कोठाराच्या कचेरीत होता, तिच्या साहेबाच्या खुर्चीमागे. बुधवार गेला. गुरुवार गेला. एमरी दर दहा मिनिटांनी फॅक्सपाशी जाऊन कागद सरळ करून येई.

"तो कागद आता इतका सरळ झालाय, की त्यावर काही छापायची मशीनला भीती वाटेल," हॅल म्हणाला. एमरी पुन्हा तिकडेच निघाला होता.

शुक्रवारी अकराला मशीन कुरकुरलं. 'मी, डार्लीन ओस्टबी, पूर्ण शुद्धीत, माझं नाव आणि पत्ता छापायला सांगते आहे. साहेब मागे उभे आहेत. "ओस्टबी" त्यांनी नीट वाचून घेतलं आहे.'

हॅलने आपला निरोप निम्मा कापला. "जहाज तसंही बुडतंय," म्हणाला, "घाल तुझं."

साडेतीनला एमरीने पान माझ्यापुढे ठेवलं. डार्लीनचं पत्र पुन्हा, पत्त्यासह. खाली उत्तर: 'डार्लीन, तुमचा पत्ता मी लपवला. लपवायची सवय माझी, तुमची नव्हे. माझ्या घरी ऑगी राहतो. त्याला मी बावीस वर्षं भाडेकरू म्हणत आलो. तो भाडेकरू नाही.' त्याखाली एमरी विटकॉम्ब, आणि सनीसाइडमधल्या घराचा पूर्ण पत्ता.

मी विचारलं, "ऑगीला विचारलंस?"

एमरीचा हात कानामागच्या पेन्सिलीकडे गेला. दुसऱ्याचा पत्ता इतका जपणाऱ्या माणसाने ऑगीचा पत्ता त्याला न विचारता देऊन टाकला होता.

"आज सांगतो," तो म्हणाला. चार वाजले. मी पान पाठवलं.

त्या दिवशी त्याने सांगितलं नाही. महिन्याने अंक छापून आला तरी सांगितलं नव्हतं. एक प्रत त्याने स्वयंपाकघरात ब्रेडच्या डब्यावर ठेवून दिली आणि कामाला निघून आला. ऑगी काहीच बोलला नाही. प्रत मात्र डब्यावरून नाहीशी झाली.

डार्लीनकडूनही काही कळलं नाही. एक आठवडा, दोन, तीन. फोन करायचा तर कोठारावर करावा लागणार, साहेबाच्या कानापाशी. एमरीला झोप लागेना. जेवणाच्या सुट्टीतलं सँडविच तसंच कागदात राहू लागलं. "काच फुटली असणार," तो म्हणायचा. थोड्या वेळाने म्हणायचा, "किंवा एकही पत्र आलं नसेल." दोन्हींतलं जास्त वाईट काय ते त्यालाच ठरवता येत नव्हतं. मासिक बंद झालं होतं, त्याच्या टेबलावर वाचायला पत्रंही उरली नव्हती. तो रिकाम्या हातांनी फिरायचा.

चौथ्या आठवड्यात फोन आला.

"उशीर झाला, माफ करा," डार्लीन म्हणाली. "वेळच मिळत नाही. एकतीस आलीत. रात्री जेवण झालं की उत्तरं लिहायला बसते."

"वाईट किती?"

"चार. ती चुलीसाठी ठेवलीत. आणि मिस्टर विटकॉम्ब, एक चाळीस मैलांवरून आलंय. चाळीस! इतकी वर्षं ती बाई आमच्याच काट्यावर गहू घालायला येत होती. रविवारी घरी ॲपल-पाय खायला या म्हणालीय."

एमरी टेबलाच्या कडेवर टेकला. त्याला टेकलेलं मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं.

"तुम्हाला किती आली?" तिने विचारलं.

"एक."

"एकच? कुणाचं?"

एमरीने कोटाच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं. पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता एकच होता. ऑगीने तिकीट लावून ते कोपऱ्यावरच्या पेटीत टाकलं होतं, आणि दोन दिवसांनी ते त्याच दाराशी परत आलं होतं.

"ऑगीचं," तो म्हणाला.

"काय लिहिलंय?"

"लिहिलंय, की आधी विचारलं असतंस तर बरं झालं असतं." त्याने कागद उलटला. "आणि खाली, हे पत्र छापलंत तर माझंही पूर्ण नाव घाला."

"मग छापा की!"

"मासिक बंद झालं, डार्लीन."

"तुमचं झालं असेल," ती म्हणाली. "मला आता सत्तावीस जणांना लिहायचंच आहे. सांगा त्याचं नाव, नीट अक्षरं सांगा."

एमरीने एकेक अक्षर सावकाश सांगितलं. पलीकडे ती लिहून घेत होती.