बोलायचं तर मिक्सर लावून

समस्त वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते, की गेल्या वर्षी आमच्या पनवेलच्या घरात सलग आठ दिवस भेंडीच्या भाजीतसुद्धा नारळाचं वाटप पडलं आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार होतो.

झालं असं. मुलाने वाढदिवसाला बोलणारी डबी दिली. हाक मारली की उत्तर देते, गाणी लावते. मी ती मोठ्या कौतुकाने स्वयंपाकघरात मांडली. मग एके सकाळी फोनवर शोध लागला, की ही बया आपलं बोलणं साठवूनही ठेवते. कधीकधी न बोलावता जागी होते आणि तेही टिपते. मग काय! बायकोला आणि आपटा गावाहून स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना समोर उभं केलं, जादूगारासारखा हात फिरवला आणि एक तुकडा वाजवला.

आवाज निघाला मावशींचा. "पोरीनं पोलीस भरतीचा फॉर्म भरलाय, वैनी. बापाला नाय सांगितला. कळलं तर घराबाहेर पडू नाय देणार."

तव्यावरची भाकरी करपली. मी मात्र म्हणालो, "बघा, किती स्वच्छ ऐकू येतं!"

दुसऱ्या दिवसापासून मावशी मुक्या. पण पोरीची धावण्याची चाचणी तोंडावर आलेली. कुणाशी बोलल्याशिवाय त्यांना राहवेना. म्हणून त्या खोबरं घालून मिक्सर लावायच्या आणि त्या घरघरीत बायकोच्या कानाला लागायच्या. काळजी जास्त असली, की वाटप अगदी गंधासारखं.

मी चाटूनपुसून जेवत होतो. शेवटी बायकोने सुनावलं, "कसलं कौतुक करताय? घाबरल्यात त्या."

मला खरोखर लाज वाटली. (पोरगी आता वर्दीत आहे, बाप रिक्षात तिचा फोटो लावून फिरतो आणि मावशी 'लिवा' म्हणाल्या, म्हणूनच हे लिहितोय.) मावशींच्या देखत साठवलेलं सगळं पुसलं, वायर उपसली, डबी कपाटात कोंडली.

"आता बोला बिनधास्त," मी म्हणालो.

मावशी एकदम बोलून गेल्या, "डबीचा काय नाय ओ दादा! ती पळस्पे नाक्याला पोरीच्या बापासंगं चहा प्यायला बसत नाय. तुमी बसता!"