दाराशी उभी शिक्षिका

कंधारच्या आमच्या कॉलेजात लुंबिनीबाई आठ-नऊ वर्षं तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवत होत्या. रोज नांदेडहून एसटीनं यायच्या. दर जूनमध्ये विभागप्रमुख रेणुकादास सरांनी शिफारस केली, तरच पुढच्या वर्षाचा आदेश निघायचा. स्टाफरूममध्ये त्यांना खुर्ची नव्हती, म्हणून डबा माझ्या ग्रंथालयात बसून खायच्या. मी ग्रंथपाल. ते बघून मला संताप यायचा, अजून येतो.

बी.ए.च्या पोरांना व्हिक्टोरिया राणीच्या काळातली एक कादंबरी होती. तिची नायिका श्रीमंतांच्या घरी राहून त्यांच्या मुलींना शिकवते. एवढी शिकलेली, नीटनेटकी बाई, मग घरात तिचा पाणउतारा का होतो, हे पोरांना काही केल्या कळेना. सर म्हणायचे, "कशाला डोकेफोड करून राहिले? गाइडातून लिहून द्या, पास होतील." बाईंनी ऐकलं नाही. त्या काळातलं एक चित्र त्यांनी भिंतीवर दाखवलं. दिवाणखान्यात सगळे हसतखेळत बसलेत आणि काळ्या कपड्यांतली शिक्षिका तेवढी दाराशी उभी आहे. मग तेव्हाच्या गृहिणींसाठी छापलेल्या सल्ल्याच्या पुस्तकातली पानं वाचली. शिक्षिकेला घरच्यांच्या पंगतीला बसवावं की नाही, यावर त्यात नुसता काथ्याकूट!

"आता कळलं मॅडम," ऋतुजा नावाची पोरगी म्हणाली. "तिला घरच्यांत बी जागा न्हाई, नोकरांत बी न्हाई." त्यानंतर पोरं ती कादंबरी माझ्याकडून आपणहून मागून नेऊ लागली.

फेब्रुवारीत कॉलेजात मूल्यांकन समिती आली. ज्या चित्राला नि पानांना सर टाइमपास म्हणायचे, ती एकाएकी सरांची 'अभिनव अध्यापन पद्धती' झाली. माणसाला लाज कशी वाटत नाही! बोलणार सर, आणि बाईंचं काम काय, तर लॅपटॉपचं बटण दाबायचं. ते चित्र आलं तसं सरांनी ठोकून दिलं, "ही घरी आलेली विधवा पाहुणी."

"न्हाई सर," बाई म्हणाल्या, "ती शिकवणारी हाय." आणि चित्र, पुस्तकाची पानं, कादंबरी, सगळं त्यांनी समितीला नीट उलगडून सांगितलं.

समितीतल्या मॅडमनी कौतुकानं विचारलं, "आपण कोण?"

सरांनी घाईघाईनं उत्तर दिलं, "आमच्या लुंबिनी मॅडम. अगदी घरच्यासारख्या आहेत."

बाईंचा आवाज चढला. "घरच्यासारखी? इतकी वर्षं झाली सर, मला बसाया एक खुर्ची तरी दिली का तुमी?"

मी मागच्या रांगेतच बसलो होतो. मीही आतून पेटलो होतो, पण तोंड उघडलं नाही.

जूनमध्ये बाईंचा आदेश निघाला नाही. समितीच्या अहवालात त्या पद्धतीचं भरभरून कौतुक छापलंय, खाली नाव रेणुकादास सरांचं. आणि बाईंच्या त्या तासाला आता पोरांना गाइड वाचून दाखवतात.