भरीत पार्टीची बातमी

कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजल्याचा वास आला की मला मेहरूणच्या तलावाकाठची ती दुपार आठवते. आम्ही काही बायांनी बायांच्याच विज्ञानकथांचं छोटं संमेलन भरवलं होतं, आणि जळगावात माणसं जमायची तर भरीत आलंच. एकीकडे जाळावर वांगी भाजत होती, दुसरीकडे पाचोऱ्याहून आलेली एक शिक्षिका आपली कथा वाचत होती. दूरच्या ग्रहावर एक बाई एकटीच राहते, आणि बंद पडलेल्या रेडिओतून तिला कुणीतरी माहेरच्या नावानं हाक मारतं. लग्नात अंगठीनं तांदळात दुसरं नाव लिहिलं गेलं, त्याच्या आधीच्या नावानं. ते नाव ठाऊक असणारं त्या ग्रहावर कुणीच नव्हतं. आमच्या अंगावर काटा आला, तेवढ्यात बातमीदार पोचला. "ताई, वाचन नंतर करा. बठ्ठ्या जणी, सगळ्याच, वांग्यांजवळ या, पेपरात फोटो चांगला दिसतो." शिक्षिकेनं कागद पिशवीत घातले, आणि गाडी गाठायची म्हणून जेवताच निघून गेली. दुसऱ्या दिवशी बातमी आली, 'महिलांची भरीत पार्टी रंगली'. कथेचा त्यात शब्दही नव्हता, आणि फोटोखाली आम्ही सगळ्या नवऱ्यांच्या नावांसकट सौभाग्यवती होतो. पुढच्या हिवाळ्याआधीच ती शिक्षिका तापानं गेली. निधनवार्ता त्याच पेपरात, त्याच सौभाग्यवती नावानं आली. रेडिओतली हाक कुणाची होती, ते सांगायचं राहूनच गेलं. आजही तो धूर डोळ्यांत गेला की वाटतं, तिला हाक मारून विचारावं. पण तिचं माहेरचं नाव आमच्यातल्या कुणीच कधी विचारलं नव्हतं.