मोगरेवालीचं नाक

दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी नंदाखाल गावातल्या एका शाळेत रविवारी बैठक भरते. मी पहिल्यांदा गेले, तर दारातच एका मोगरेवालीने मला हुंगलं. अगदी मान पुढे काढून, मांजर दूध हुंगते तसं! मी भडकलेच. "ओ मावशी, पिणारा घरी आहे!"

ती खळखळून हसली. मागून बैठक घेणारे मास्तर आले, त्यांनाही तिने हुंगलं. ते बिचारे सवयीने थांबून उभे राहिले.

"रागावू नको बाय. आमच्या मालकाची दारू सुटली, माझी ही खोड नाय सुटली. दिसभर मोगऱ्यात बसते, पन तो दारात आला का माझं नाक त्याच्या तोंडाशी. आता तो जेवन मागायच्या आधी स्वतःच 'हाऽऽ' करून दाखवतो."

बैठक संपवून मी निघताना तिने माझ्या ओंजळीत मोगरा ओतला. "हा नाकाला लाव, मगच बेल वाजव."

मी तसंच केलं. नवऱ्याने दार उघडलं. सवयीने माझंही नाक पुढे गेलं, पण मोगऱ्यापुढे दुसरा वास काही लागेना, म्हणून नाइलाजाने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

केस केवढे पांढरे झाले होते त्याचे!