रातकिड्यानंतर बासरी

सोलापुरात अनाहत नाद ऐकलेला मी पहिला गृहस्थ. अनाहत म्हणजे कुणी न वाजवता, काही न आपटता, माणसाच्या आतच उमटणारा नाद. तो ऐकायला योगी लोक सारा जन्म घालवतात. मी तो आमटी भुरकताना ऐकला.

निदान नव्या पेठेतली तीसचाळीस माणसं तरी असं मानतात. खरं काय ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. बाकी तिला मी सगळं सांगतो, कारण ती ऐकत नाही. मग तुम्हांलाच का? तुमचा चेहरा मला दिसत नाही, आणि माझा तुम्हांला. त्याचं महत्त्व पुढं कळेल.

मी गिरणीत कारकून. नऊ वर्षं विणाई खात्यात, शेकडो मागांच्या मधोमध, हजेरी लिहीत बसायचो. त्या खात्यात कुणी बोलत नाही, बोलून उपयोग नसतो. धागा नेणारे धोटे इकडून तिकडं आदळत असतात, जमीन हादरत असते. तिथली माणसं एकमेकांचे ओठ वाचतात. एक विणकर लांबच्या मागावरून नुसते ओठ हलवून विचारतो, 'आज डब्यात काय?' दुसरा तसंच सांगतो, 'कालचंच.' तिसरा हसतो. सगळं बिनआवाजाचं.

तर, आमटी. गिरणीला सुट्टी होती. जेवताना मी बायकोला विचारलं, "आज भोंगा का वाजतोय गं?"

"भोंगा कुठला? भात वाढू का?"

भोंगा नव्हताच. कानात बारीक, तार ओढल्यासारखा आवाज होता. तो त्या दिवशी सुरू झाला, आणि — थांबलाच नाही. तुम्हांला सांगून समजेल का, मला शंका आहे. वाईट आवाजापासून माणूस उठून जातो, दार लावतो, शेजाऱ्याशी भांडतो. इथं दार कुठलं लावायचं? मी चिडचिडा झालो. पाटावरवंट्याच्या आवाजानं अंगावर काटा यायचा. आणि घर शांत झालं की त्याहून वाईट, कारण मग तो एकटाच उरायचा.

भाचीच्या लग्नाचं निमित्त सांगून मी पुण्याला कानाच्या डॉक्टरकडं गेलो. म्हातारा, मोजकं बोलणारा माणूस होता. म्हणाला, हे मागांच्या दणक्यानं झालंय. जे गेलं ते परत यायचं नाही, पण उरलेलं वाचवा. त्या खात्यातून बाहेर पडा. तोवर कानात कापूस घाला. उशाशी एक टिकटिकणारं घड्याळ ठेवा, लक्ष त्याच्याकडं जाईल. आणि त्या आवाजाशी भांडू नका, तो घरातल्या सासऱ्यासारखा आहे असं समजा.

सल्ला चांगला होता. घड्याळ आणलं. आठवड्याभरात मला झोप लागू लागली. पण साहेबाला काय सांगणार — कान गेले म्हणून? बहिऱ्या कारकुनाला कोण ठेवतो?

त्याच सुमारास गावात एक स्वामी आले. रेशमी कफनी, पुढं चांदीचं तबक, मागं पंखा ढाळणारे दोघे. अनाहत नादावर प्रवचन होतं. आधी रातकिडा ऐकू येतो, म्हणाले, मग झांज, मग बासरी, मग मेघ, मग मोक्ष. मी शेजारच्या पोस्टमास्तरांच्या कानात कुजबुजलो, "रातकिडा तर मला सहा महिने ऐकू येतोय!" थट्टा होती. पण कमी ऐकू येणारा माणूस कुजबुजला की सभेला ऐकू जातं. स्वामींनी डोळे उघडले, आणि मला हात जोडले. मग सभेनं जोडले.

'अहो, थट्टा केली' एवढं म्हणायला किती श्वास लागतो? मी डोळे मिटून घेतले.

पुढं सगळं सोपं झालं. लोक मला अण्णा म्हणू लागले. दर गुरुवारी ओसरीवर माणसं येत आणि माझ्याकडं पाहत बसत. कुणी हाक मारली नि मला ऐकू आली नाही, तर 'अण्णा आत आहेत' असं म्हणत. साहेबाची बायको भाविक होती. तिनं शब्द टाकला आणि माझी बदली कापडाच्या गोदामात झाली. शांत जागा. साधनेसाठी. फक्त माझी बायको तेवढी म्हणायची, "दळण आणा म्हटलेलं ऐकू येत नाही, आणि ब्रह्म बरं ऐकू येतं!"

इथवर तुम्ही हसला असाल. मीही हसलो असतो. पण हे तुम्हांला सांगायचं नव्हतंच.

नरसय्या विणाई खात्यातला विणकर होता. त्याचा कान असा, की धागा तुटायच्या आधी मागाच्या आवाजावरून ओळखायचा. एका गुरुवारी तो आला. सगळे जाईपर्यंत चपलांपाशी बसून राहिला.

"अण्णा, कानात किडा बसलाय. झोप न्हाय. बायको लसणीचं तेल घालती. लेकरास्नी उगाच मारतो मी. हे बंद कसं करायचं, सांगा की."

माझ्याजवळ उत्तर होतं. कापूस, घड्याळ, खातं बदल. तीन वाक्यं. शिवाय त्याचा चुलता अक्कलकोटला हातमागावर होता, पंचे विणायचा. नरसय्या तिकडं जाऊ शकत होता. पण मी ते सांगितलं, की हाच रोग मलाही आहे हे उघड झालं. दुसऱ्या दिवशी सबंध विणाई खातं ओठांनी तेच बोललं असतं. मग गोदाम कुठलं, नि गुरुवार कुठला?

मी म्हणालो, "बंद का करतोस? भाग्य आहे. ऐकत राहा."

त्याचा चेहरा — नाही, तो मला नीट सांगता येणार नाही. आनंद झाला त्याला. पाया पडला. म्हणाला, "मग फुडं बासरी येती म्हणं? मी मागाजवळच बसून ऐकतो. तितं लई मोठ्यानं येतंय."

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

तो चार वर्षं ऐकत राहिला. काही विणकर कानात बोळे घालत, तो घालत नसे. नाद अडेल म्हणून. हळूहळू त्याला तुटता धागा ऐकू येईना, कापडात दोष राहू लागले, मुकादम ओरडू लागला, मग तोही ऐकू येईना. एक दिवस त्याला काढलं.

नंतर तो मला भाजीबाजारात भेटला. जवळून टांगा गेला, टांगेवाला घसा फोडून ओरडला. नरसय्या हलला नाही. मला पाहून हसला आणि उंच, उतारचढाव नसलेल्या आवाजात म्हणाला, "अण्णा! बाकी सगळं गेलं. लेकरं बोलतात, ऐकू येत न्हाय. फकस्त नाद हाय. तुमची कृपा. पर अजून किडाच हाय की. बासरी कवा?"

त्या दिवशी मी त्याला खरं सांगितलं. सगळं — डॉक्टर, घड्याळ, थट्टा, गोदाम. शब्द न् शब्द, मोठ्यानं, भर बाजारात.

फक्त सांगताना उपरण्याचं टोक तोंडावर धरलं होतं. धुळीसाठी धरतात तसं. आणि भाजीवाल्यांच्या आरोळ्यांत शेजारच्यालाही शब्द कळत नव्हता.

तो कानानं ऐकू शकत नव्हता हे मला माहीत होतं. ओठ वाचू शकतो हेही माहीत होतं. कदाचित त्यानं उपरणं खाली करायला सांगितलं असतं, पण तो मोठ्या माणसाला असं सांगणारा नव्हता. माझं बोलणं थांबेपर्यंत तो माझ्या डोळ्यांकडं पाहत, मान हलवत उभा राहिला. मंत्र असेल असं समजला असावा. मग मी उपरणं खाली केलं आणि त्याला दिसेल असं, सावकाश, ओठ हलवून म्हणालो, "येईल."

त्यानं पिशवीतली दोन वांगी काढून माझ्या हातात ठेवली. मी घेतली.

पुढं तो अक्कलकोटकडं गेला म्हणतात. मी चौकशी केली नाही. गुरुवार अजून चालू आहे. मला ही बारा वर्षं आवाज येतोय. अजून रातकिडाच आहे.