काकांचं डोकं ठीक आहे

सासरी तिला सगळे 'कानवाली' म्हणत. दवाखान्यात लोकांचे कान तपासायचे, कुणाला किती ऐकू येतं त्याचा आलेख काढायचा, लागेल त्याला मशीन बसवून द्यायचं, हे तिचं काम. आठ वर्षं ती ते करत होती. सासरच्यांच्या लेखी मात्र तो चेष्टेचा विषय. "आमच्यात कान भरणाऱ्या ढीगभर आहेत, कान बघणारी ही पहिलीच," असं नवऱ्याच्या आत्या आल्यागेल्याला ऐकवायच्या, आणि मग त्यांचं त्यांनाच हसू आवरायचं नाही.

वर्षातून एकदा दहा दिवस नवऱ्याच्या काकांकडे राहायला जायचं, हा लग्नापासूनचा नेम. नवऱ्याचे आईवडील तो लहान असतानाच गेले होते, काकांनीच त्याला वाढवलं. त्यामुळे जायचं की नाही हा प्रश्नच नव्हता. पण त्या घरात पाऊल टाकलं की तिचा नवरा नाहीसा व्हायचा. उरायचा तो घरातला धाकटा. दादा म्हणतील ती पूर्व दिशा. दादा म्हणजे काकांचा थोरला मुलगा. घरात चौदा माणसं, चार खोल्या, आणि बोलायला पाळी अशी नाहीच.

या खेपेला पोचल्या पोचल्या मोठ्या जाऊबाईंनी तिला स्वयंपाकघरात ओढलं. "मामंजींचं काही खरं नाही गं आता. डोकंच चालत नाही. पाणी हवं का विचारलं तर म्हणतात, राणी कोण?" जाऊबाई हसल्या. मग जरा गंभीर होऊन म्हणाल्या, "पुढची खोली त्यांच्याकडून काढून घेतोय. रस्त्यावरच उघडते ना ती, एखाद्या दिवशी निघून गेले तर? मागच्या खोलीत आत्यांच्या नजरेखाली राहतील."

काका पुढच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसले होते. पत्र्याच्या पेट्या बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी बत्तीस वर्षं हातोडा चालवला होता. ती समोर जाऊन बसली तेव्हा त्यांनी प्रवासाची चौकशी केली, तिच्या बदलीचं काय झालं तेही विचारलं. मागच्या वर्षी बोलता बोलता सांगितलेली गोष्ट त्यांच्या अचूक लक्षात होती.

दोन दिवस ती नुसती बघत राहिली. समोरून बोललं की काका बरोबर उत्तर देत. पाठीमागून कुणी हाक मारली की हूं की चूं नाही. सगळे एकदम बोलायला लागले की मान खाली घालून जेवत. ही लक्षणं तिने शेकड्यांनी पाहिली होती.

तिसऱ्या दिवशी जेवताना, काका हात धुवायला उठल्यावर, ती म्हणाली, "दादा, काकांचं डोकं ठीक आहे. त्यांना ऐकू येत नाहीये."

"तू सुट्टीवर आलीयेस ना?" दादा ताटातून मान वर न करता म्हणाले. "मग दुकान कशाला मांडतेस?"

"पण एकदा तपासून तर..."

"अगं, ओरडून विचारलं तरी भलतंच बोलतो तो," आत्या म्हणाल्या.

"ओरडलं की शब्द आणखी फाटतात, आत्या. त्यांना बारीक, धारदार आवाज..."

"भाजी वाढ गं इकडे," कुणीतरी म्हणालं, आणि विषय संपला.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो मन लावून जेवत होता.

दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालताना तिने त्याला गाठलं. "एक शब्द तरी बोलायचास!"

"चार दिवस राहायचंय. कशाला उगाच? दादाचा स्वभाव माहितीये ना तुला."

"ज्यांनी तुला वाढवलं त्यांना वेडं ठरवून मागच्या खोलीत टाकतायत, आणि तू स्वभाव सांगतोस?"

तो चिमटे लावत राहिला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कुणालाच विचारलं नाही. काकांसमोर उभी राहून म्हणाली, "माझ्या मैत्रिणीचा दवाखाना आहे जवळ. येता?" काका चपला घालून तयार.

काचेच्या खोलीत काका कानांवर हेडफोन लावून बसले. आवाज आला की बटण दाबायचं. मैत्रीण बारीक स्वरांचा आवाज वाढवत गेली आणि काकांचं बोट जागचं हललं नाही. आलेख डावीकडे, जाड आवाजांपाशी, बरा होता; उजवीकडे, बारीक आवाजांपाशी, कड्यावरून कोसळावा तसा खाली गेला होता. कारखान्यानेच त्यांचे कान खाल्ले होते.

"मला माहीत होतं," काका म्हणाले. "सहा-सात वर्षं झाली."

"मग बोलला का नाहीत?"

"बहिऱ्यावर सगळे खेकसतात, पोरी. विसराळू म्हटलं की निदान सोडून तरी देतात."

मैत्रिणीने महिनाभर वापरून बघायला मशीन कानात बसवून दिलं.

घरी आल्या आल्या दादांनी आकाशपाताळ एक केलं. "न सांगता म्हाताऱ्या माणसाला घेऊन गेलीस? दोन तास शोधतोय आम्ही! तुला काय अधिकार?" नवरा दारात उभा होता. त्याने तोंड उघडलं आणि परत मिटलं. काका आपल्या खुर्चीत, सगळ्यांकडे पाठ करून बसले.

दादा जाऊबाईंकडे वळून पुटपुटले, "एक वेडा कमी होता, आता ही दुसरी."

"वेडं कुणी नाहीये," काका मागे न वळता म्हणाले. "आणि ही खोली मी सोडणार नाही."

आत्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दादा बाहेर निघून गेले.

तिचं कौतुक झालं असं कुणाला वाटेल, तर छे! संध्याकाळपर्यंत आत्या शेजारणीला सांगत होत्या, "मी तर कधीची म्हणत होते, कानच तपासा म्हणून." उरलेले सहा दिवस घरातली नि गल्लीतली माणसं कान पुढे करून तिच्यासमोर बसत होती. दादा शेवटपर्यंत तिच्याशी बोलले नाहीत. आणि जेवायच्या वेळी काका मशीन काढून खिशात टाकत. "चौदा जणांचं एकदम ऐकण्यापेक्षा हे बरं," म्हणाले. त्यावर ती चिडलीच. मग पाच मिनिटं त्यांना मशीनचा आवाज कमी कसा करायचा ते शिकवत बसली.

परतीच्या बसमध्ये नवरा म्हणाला, "मी बोलायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. "हवं होतं."

राग गेला नव्हता, आणि तो गेल्याचं नाटक करायला ती आता सासरी नव्हती.