दाजी भाव उतरायची वाट पाहतात

भाव उतरण्याआधी वस्तू घेणारी माणसं जगात असतील, पण माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा त्यांच्यातला नाही. दाजींचं देगलूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडतीचं दुकान आहे. तूर कधी उचलायची आणि कधी थांबायचं, हे त्यांना बरोबर कळतं. तोच कायदा ते छत्रीपासून फ्रिजपर्यंत सगळ्याला लावतात. लग्नाचा कोट घ्यायला ते इतके थांबले की लग्न होऊन गेलं, असं ताई सांगते. ताई जरा वाढवून सांगते, पण फोटोत दाजी नुसत्या शर्टावर आहेत हे खरं.

अशा माणसाला व्हिडिओ गेमचा नाद लागावा! भाची शाळेत असताना सोबत म्हणून बसले आणि तिच्याहून पक्के झाले. रविवारी सकाळी बाप-लेक टीव्हीसमोर, आणि ताईचे पोहे गार. पुढे भाची लातूरला दवाखान्यात नर्स झाली. पहिल्या पगारातून तिनं गेम खेळायचं नवं यंत्र घेतलं, कारण दोघांच्या लाडक्या खेळाचा नवा भाग फक्त त्याच कंपनीच्या यंत्रावर निघाला होता. घरचं यंत्र दुसऱ्या कंपनीचं. दाजींना हे काही केल्या पटेना. “पाव्हणं, माझ्या दुकानची तूर माझ्याच डाळमिलीत भरडा म्हणलो, तर मोंढ्यातून हाकलतेल की लोक मला!”

भाची म्हणाली, “बाबा, तुम्ही बी हेच घ्या. रविवारी तिकडून तुम्ही, इकडून मी.” दाजी म्हणाले, “घेऊ की. जरा जुनं होऊ दे, उतरतंय.” यंत्र जुनं झालं आणि भाव चढला. आणखी जुनं झालं, आणखी चढला. “म्हातारा झाला की बैल उतरतो, अन् हे चढूनच राहिलंय!” दाजी हबकले होते.

शेवटी ते मला घेऊन नांदेडच्या दुकानात गेले. टाय लावलेल्या मॅनेजरनं किंमत सांगताच दाजींनी खांद्यावरचा रुमाल त्याच्या हातावर टाकला आणि खालून त्याची बोटं धरली. बैलबाजारात सौदा असाच होतो. तोंडानं बोलायचं नाही, बोटं दाबून भाव सांगायचा. मॅनेजर घाबरून म्हणाला, “काका, हात सोडा!” आम्ही रिकाम्या हातानं परत आलो.

मग भाचीला जर्मनीत नोकरी लागली. निघायला महिना उरला, तेव्हा दाजी एकटेच नांदेडला गेले आणि सांगितलेल्या किमतीला यंत्र घेऊन आले. घासाघीस नाही, रुमाल नाही. ताईनं घाबरून मला फोन केला. “ह्यांना बरं न्हाई का रे?” चार रविवार बाप-लेक पोटभर खेळले. त्या खेळात एक दार आहे, दोघांनी एकदम ढकललं तरच उघडणारं. तिथवर पोचले आणि ती गेली. सामानाच्या वजनात बसेना म्हणून तिनं आपलं यंत्र मैत्रिणीला देऊन टाकलं.

परवा देगलूरला गेलो, तर खेळ त्याच दाराशी थांबलेला. मला राहवलं नाही. म्हणालो, “दाजी, मी ढकलतो तुमच्यासोबत.” ते म्हणाले, “न्हाई पाव्हणं. ते तिचं हाय.”

तेवढ्यात तिचाच व्हिडिओ कॉल आला. दाजींनी आधी जेवणाचं विचारलं, मग थंडीचं, मग हळूच, “तिथं यंत्र घेतलंस का?”

“बाबा, इथं बी लई महाग हाय. भाव बघून राहिले. जरा थांबते, उतरला की घेते.”

दाजींनी फोन तोंडाजवळ घेतला. मग म्हणाले, “उतरत न्हाई ग माय. घेऊन टाक.”